जर्मन साहेब, आमचा झेंडा आणि कॅन्टीनच्या मावशी

सायली गावातल्या आमच्या धाग्याच्या कारखान्यात नवं मशीन बसवायला एक जर्मन इंजिनिअर आला होता. मी हौसेनं त्याच्या टेबलावर दोन छोटे झेंडे ठेवले, एक भारताचा, एक जर्मनीचा. पठ्ठ्यानं जर्मनीचा उचलून सरळ ड्रॉवरमध्ये टाकला.

माझं डोकंच फिरलं. तो शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे फुटबॉलची मॅच नसताना कुणी घरावर झेंडा लावला, तर शेजारी संशयानं बघतात. झेंड्याखाली आमच्या लोकांनी फार वाईट केलंय."

ते त्याचं त्याला ठाऊक. पण यंदा पंधरा ऑगस्टचा झेंडा माझ्या हातून फडकणार होता! नाशिकहून येऊन इथं बारा वर्षं घासली, तेव्हा कुठे शेठनी हा मान दिला. मी नवा कुर्ता शिवला, साहेबाला आग्रहानं बोलावलं. तर हा गेटपाशीच थांबला. म्हणे, "झेंड्यापुढे रांगेत उभं राहणं मला जमत नाही."

"गेला उडत!" मी पुटपुटलो. कॅन्टीनच्या मावशी चहाच्या किटल्या घेऊन चालल्या होत्या. मावशी इथल्याच, शेजारच्या रांधा गावच्या, साठीच्या. त्यांनी विचारलं काय झालं, तर मी तणतणत सगळं सांगितलं.

"त्याला सांगा," त्या म्हणाल्या, "देश सुटला तरी आमचा हा मुलूख पुढं सात वर्षं पोर्तुगीजांच्या झेंड्याखाली होता. बाप सांगायचा, तो झेंडा दिसला की माणसं वाट बदलायची. मग चौपन्न साली दोन ऑगस्टला तो उतरला, आपला चढला. बाप गावभर नाचला."

मी इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान वळवून खांबाकडे पाहिलं. मावशी माझ्याकडे वळल्या. "दोन तारखेलाही इथं मुक्तिदिनाचं झेंडावंदन असतं, साहेब. तुम्ही कधी दिसला नाहीत?"

काय सांगू! बारा वर्षं ती माझी नुसती सुट्टी होती, दहापर्यंत ताणून द्यायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेठ हाका मारत होते. मी मावशींच्या हातातल्या किटल्या खाली ठेवल्या, त्यांना खांबापाशी नेलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. मावशींनी चपला काढल्या, पदर खोचला आणि असा झटका दिला की झेंडा एका क्षणात उघडला. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा साहेब माझ्या शेजारी येऊन उभा होता.

नंतर शेठ म्हणाले, "अहो, मान तुमचा होता ना?"

"मान त्यांच्या बापाचा होता, शेठ," मी म्हणालो, आणि मावशींच्या किटल्या उचलून चहा वाटायला निघालो.