गोंदणाखाली तेरा मिलिमीटर

सोमवार, १२ फेब्रुवारी १९६८. थंडी बरीच. कस्तुरा पहिल्या गाडीने कामावर गेली. मी भागूबाईला घेऊन आठच्या गाडीने पुण्यास. भागूबाईने तोंडावरचा पदर वाटेत एकदाही काढला नाही. हॉस्पिटलात आज सगळ्यांना कस्तुराचे ऐकावे लागले.

एवढेच त्या दिवशी दुपारी लिहिले होते. बाकीचे आता लिहिते.

कस्तुरा माझी धाकटी नणंद. सुदुंबऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, गणितात हुशार, म्हणून मॅट्रिकनंतर आमच्याकडे लोणावळ्याला राहून पुढे शिकली आणि पुण्याच्या एका हॉस्पिटलात कोबाल्टच्या यंत्राच्या विभागात लागली. कॅन्सरच्या रोग्याला किरण कुठून, किती द्यायचे, हे ती कागदावर मांडी. शिशाची तार चेहऱ्याभोवती वाकवून आकार घ्यायचा, तो कागदावर उतरवायचा, त्यावर किरणांच्या रेषा आखायच्या आणि प्रत्येक ठिकाणची बेरीज करायची. सगळे हाताने. गावात मामंजींना कोणी विचारले, "लेक डागदरीण झाली म्हनं?" की ते म्हणत, "न्हाई. डागदराला वाट दावती."

भागूबाई भुशीच्या वरच्या वाडीतली. आमच्याकडे लाकडाची मोळी आणून टाकी. गालाच्या आत गाठ झाली, तेव्हा कस्तुरानेच तिला हॉस्पिटलात नेले. पहिल्या आठवड्याचे उपचार झाले. किरण नेमके पडावेत म्हणून गालावर जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या होत्या. शनिवारी घरी सोडताना कस्तुराने बजावले, "मावशी, या खुणा जाता कामा नयेत."

सोमवारी यंत्राच्या खोलीबाहेर भागूबाईने पदर काढला. गाल सुजलेला, आणि शाईच्या जागी हिरवट, ताजे गोंदण!

"आता मेल्यावर बी जायच्या न्हाईत," ती खुशीत म्हणाली. "डागदागिने हितंच ऱ्हात्यात, गोंदान संगं येतं."

यंत्र चालवणारा सोपान हसला. "बरं झालं ताई, रोजची शाई वाचली. झोपवू का यांना?"

"थांब. आधी मोजू दे."

कस्तुराची एक सवय होती. नुसत्या फुलीवर तिचा भरवसा नसे. कानापासून किती, ओठाच्या कोपऱ्यापासून किती, हे ती कागदाच्या कडेला लिहून ठेवी. तिने पट्टी लावली. पुन्हा लावली.

"मावशी, ही कानाजवळची फुली वर कशी गेली?"

"तितं माजं जुनं गोंदान व्हतं की. गोंदनावर गोंदान घालीत न्हाईत. मग गोंदनारीन म्हनली, बोटभर वर घेती."

मोठे डॉक्टर बाहेर आले. रांगेत वीसजण बसले होते. "कस्तुराबाई, बोटभराने काय बिघडतं? सुरू करा."

कस्तुराचा चेहरा उतरला, पण ती हलली नाही. तिने किरणांच्या रेषांचा पारदर्शक कागद आणला, आकृतीवर ठेवला आणि बोटभर वर सरकवला. "बघा, सर. गाठीची खालची कड सुटते. आणि ही रेषा डोळ्यात जाते."

डॉक्टर बराच वेळ वाकून बघत होते. मग म्हणाले, "फुली जुन्या जागी काढा. सूज आहे तोवर आजचे किरण नकोत. आणि सोपान, यापुढे बाईंची सही असल्याशिवाय कुणालाही टेबलावर घ्यायचं नाही."

भागूबाई हिरमुसली. "म्हंजी माजं फुकाट गेलं म्हना."

"फुकट कसं?" कस्तुराने गोंदणापासून खाली मोजले आणि कागदावर लिहिले: गोंदणाखाली तेरा मिलिमीटर. "आता शाई पुसली तरी जागा चुकणार नाही. माझ्या पट्टीची सुरुवातच तुमच्या गोंदणापासून."

"मंग त्या गोंदनारनीला सांगते," भागूबाई म्हणाली, "हास्पिटलात तुजं काम चालतंय म्हनून."

तीन दिवसांनी किरण पुन्हा सुरू झाले, पुढे पुरेही झाले. त्या सोमवारी परतीच्या गाडीत कस्तुरा खिडकीला डोके टेकून झोपून गेली. मी मात्र डब्यातल्या एका अनोळखी बाईला सगळी हकीकत सांगून टाकली.

संध्याकाळी वहीत लिहिले: कस्तुराने पिठले तीनदा मागून घेतले, मला भाकरी लोणच्याशी खावी लागली.