बॉयलरच्या खोलीतल्या दोन जाळ्या

हे मी कधीच कोणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, लेकीला नाही, देवासमोर बसूनही नाही — देवासमोर तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिले. आज लिहून सांगते, समोर कोणी बसलंय असं समजून. मध्ये अडखळले तर थांबा जरा. पण विषय बदलायला लागले, तर मात्र टोका मला.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा. मी स्वच्छतेची वेडी आहे. इथे दुबईपलीकडच्या रास अल खैमातल्या आमच्या मराठी मंडळींत त्यावरून माझी भरपूर थट्टा चालते. "हिच्या घरात धूळसुद्धा पाय पुसून येते," असं हे सगळ्यांना सांगतात. आणि आमची लॉन्ड्री! हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, अभ्रे — सगळं पांढरंशुभ्र. अशा धंद्यात अशी बायको म्हणजे दुधात साखरच की. मलाही तसंच वाटायचं.

मग मंदी आली. हॉटेलं रिकामी पडली, बांधकामं होती तिथे थांबली. आमच्याकडे एकच मोठं गिऱ्हाईक उरलं. त्याच सुमारास अर्धवट राहिलेल्या एका हॉटेलच्या सामानातला नवा कोरा बॉयलर यांना मिळाला — कंडेन्सिंग बॉयलर, थोड्या गॅसमध्ये भरपूर गरम पाणी देणारा. तो बसवायला आले विलासभावोजी. यांचे आयटीआयपासूनचे मित्र. एका छोट्या कंपनीत टेक्निशियन होते, कुटुंब कराडला, इथे एकटेच राहायचे, आणि दर शुक्रवारी आमच्याकडे जेवायला असायचे. आमटी वाटीला तोंड लावून प्यायचे. मला ते अजिबात आवडायचं नाही, तरी मी दुसरी वाटी वाढायची.

काम त्यांनी मन लावून केलं. या बॉयलरचा धूर इतका गार होतो की त्याचं पाइपातच पाणी होतं, म्हणून पाइप खास लागतो आणि त्याला बॉयलरकडे उतार द्यावा लागतो. तो त्यांनी दिला. आणि खोलीच्या बाहेरच्या भिंतीत दोन जाळ्या बसवल्या — एक खाली, एक वर.

"वहिनी, या जाळ्यांना हात लावायचा नाही. तुमच्या ड्रायरचे पंखे आतली हवा बाहेर फेकतात. बॉयलरला बाहेरून हवा मिळाली नाही, तर तो आपलाच धूर आत ओढून घेईल. आणि त्या धुराला वास नसतो, कळायचंसुद्धा नाही."

मी ऐकलं. समजलंही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला कळलं नव्हतं असं कोणी म्हणायला नको.

पण त्या जाळ्यांतून काय यायचं, माहीत आहे? धूळ. वाळवंटाची, त्यात सिमेंटच्या कारखान्यांची. शमाल, म्हणजे इकडचा वाळू उडवणारा वारा, सुटला की बॉयलरच्या खोलीतून ती थेट इस्त्रीच्या हॉलमध्ये, घडी घातलेल्या चादरींवर. हॉटेलने एक अख्खी गाडी परत पाठवली. वर ताकीद — पुन्हा असं झालं की खलास. हे एक गिऱ्हाईक गेलं असतं तर आम्ही बॅगा भरून परत जाणार होतो. यांना झोप नव्हती. आणि मी? मी इतकी वर्षं धुळीशी भांडत आले होते, तिला काय हार जाणार?

मी दोन जुन्या चादरी घेतल्या, चौपदरी केल्या, आणि चिकटपट्टी लावून दोन्ही जाळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही. चादरी पुन्हा पांढऱ्या जाऊ लागल्या. हॉटेलवाले खूश, हे खूश. माणसांची डोकी दुखायला लागली, तेव्हा मी म्हटलं, उकाड्याचं आहे, चहा घ्या. असं मी किती वेळा म्हटलं? पुष्कळ वेळा.

मग एका दुपारी शाजी — आमचा इस्त्रीवाला, केरळचा, शांत माणूस — उभ्या उभ्या खाली पडला. हे मालाच्या गाडीबरोबर दुबईला गेलेले. आरडाओरडा झाला, दारं उघडली, त्याला उचलून बाहेर नेलं, अँब्युलन्स आली. सगळे त्याच्याभोवती. आणि मी —

हो, सांगते. लोक शाजीला गाडीत ठेवत होते तेव्हा मी परत आत गेले. त्याच्यासाठी नाही. चादरी ओरबाडून काढायला. काढल्या आणि मळक्या कपड्यांच्या ढिगात टाकल्या. शाजी जिवंत राहतो की नाही हे कळायच्या आधी मी माझी बाजू साफ केली होती. स्वच्छतेची वेडी ना मी!

शाजी वाचला. डॉक्टर म्हणाले, बॉयलरचा विषारी वायू. मग चौकशी. जाळ्या तर सताड उघड्या, म्हणजे दोष पाइपाचा, म्हणजे बसवणाऱ्याचा. विलासभावोजींनी पाइपाचा जोड न् जोड तपासला. सगळं नीट होतं. मग ते भिंतीपाशी गेले. जाळीच्या कडेने चिकटपट्टीचा डिंक राहिला होता, त्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"वहिनी, या कोणी बंद केल्या होत्या का?"

"नाही हो, भावोजी," मी म्हणाले.

"ती खोटं बोलेल का विलास?" हे ओरडले. "स्वतःची चूक तिच्यावर ढकलतोस?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलंय हे मलाही कळलं. ते एक अक्षर बोलले नाहीत. मित्राच्या बायकोला त्याच्यासमोर खोटी पाडायची नाही, एवढंच असेल. कंपनीने त्यांना काढलं. त्या दिवसांत दुसरी नोकरी कुठली? व्हिसा रद्द झाला, ते कराडला परत गेले. यांनी त्यांचं नाव टाकलं. त्याला आता बरीच वर्षं झाली. शाजी अजून आमच्याकडेच आहे, ओणमला मला पायसम आणून देतो. मी खाते.

आता का सांगते? गेल्या आठवड्यात गणपतीच्या जेवणात एक कॉन्ट्रॅक्टर यांना म्हणाले की कराडचा एक पोरगा बॉयलरच्या कामाला घेतोय, हुशार वाटला. नाव सांगितलं. विलासभावोजींचा मुलगा. यांनी हातातला घास खाली ठेवला. "त्याच्या बापाने माझा माणूस मारला असता. त्या घरातल्याला काम देऊ नका." माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी पुढच्या पानावर भात वाढला.

बस्स. आता पुरे. आज हे जेवायला आले की हे सगळं त्यांना वाचून दाखवणार. रागावतील, कदाचित पुन्हा कधी माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत. ठेवू नये. मग शाजीला सांगणार, आणि संध्याकाळच्या आत त्या कॉन्ट्रॅक्टरला, माझ्या नावानिशी. मुलाला काम मिळेल की नाही, ते माझ्या हातात नाही.

खरं काय घडलं ते विलासभावोजींना हेच कळवतील, मित्र त्यांचा आहे. मी माफी मागायला फोन करणार नाही. केला तर ते लगेच म्हणतील, "जाऊ द्या हो वहिनी." आणि आणखी काही त्यांच्याकडून घ्यायचा मला हक्क नाही.