पट्टा थांबवणाऱ्याच्या शेजारी

श्री. कृष्णोजीराव जगताप यांची आणि माझी पहिली भेट करपलेल्या वासात झाली. म्हैसूरजवळच्या बेळगोळच्या एका बिस्किट कारखान्यात ते उत्पादन विभागाचे प्रमुख होते आणि मी तपासणी विभागात नुकतीच रुजू झाले होते. भट्टीतून बिस्किटं बाहेर आणणाऱ्या पट्ट्याचा आवाज मला वेगळा वाटला, म्हणून मी भिंतीवरचा लाल दांडा ओढला. पट्टा थांबला, भट्टीतला माल आतच करपला आणि तपासल्यावर दोष काहीच निघाला नाही. नोकरी गेली असं धरून मी डबा पिशवीत भरत होते, तेवढ्यात कृष्णोजीराव आले. माझ्या शेजारी उभे राहिले. ढिगातलं एक काळं बिस्किट त्यांनी कॉफीत बुडवलं आणि म्हणाले, “तसं वाईट नाहीये, अल्वा, हो ना?”

त्यांच्या विभागाचा नियम असा होता, की ज्याला शंका येईल त्यानं पट्टा थांबवावा, मग तो झाडू मारणारा असो की मॅनेजर. कारण नंतर विचारायचं. शिवाय थांबवणाऱ्याला एकटं सोडायचं नाही. पट्टा पुन्हा सुरू होईपर्यंत साहेबानं त्याच्या शेजारी उभं राहायचं. यातला पहिला भाग भिंतीवर रंगवलेला होता. दुसरा कुठंच लिहिलेला नव्हता, तो कृष्णोजीरावांकडे बघूनच आम्हाला कळला.

चांगला नियम हाती लागला की तो सगळीकडे लावून बघायचा मोह होतो. कृष्णोजीरावांनाही तो आवरला नाही. जुन्या म्हैसूर फौजेतल्या घराण्याचे ते. गळा अजिबात नाही, पण आमच्या विठ्ठल मंदिरातलं गुरुवारचं भजन कधी चुकवायचे नाहीत. ताल चुकला असं ज्याला वाटेल त्यानं हात वर करून भजन थांबवावं, असं त्यांनी एकदा सुचवलं. त्या गुरुवारी एकही अभंग शेवटाला गेला नाही. पेटीवाले आजोबा रुसून पायरीवर जाऊन बसले आणि टाळकरी एकमेकांच्या चुका काढत बसले. पुढच्या गुरुवारी कृष्णोजीराव सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “तिथं बिस्किटं करपतात, इथं माणसं करपायला लागलीत. हा नियम इथं बेडा, नकोच. मी मागं घेतो.” एवढ्या मोठ्या हुद्द्यावरचा माणूस इतक्या सहज माघार घेतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

हे सारं माहीत असूनही, माझ्यावर वेळ आली तेव्हा मी त्यांच्याकडेच गेले. माझा साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या. मुलगा चांगला शिकलेला, घर चांगलं. नाव ठेवायला जागा नव्हती, तरी मन घट्ट नाही म्हणत होतं. मी एवढंच म्हणाले, “सर, आवाज वेगळा येतोय.” त्यांनी कारण विचारलं नाही. चप्पल पायात घातली आणि जयलक्ष्मीपुरमच्या आपल्या घरून माझ्याबरोबर आमच्या घरी आले.

माझे वडील, अप्पा, शिंपी. दुकान पुढं आणि घर मागं. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली नाही. “साहेब, तुमची बिस्किटं उद्या परत भाजता येतात. पोरीचं मोडलेलं लग्न कसं परत भाजायचं, हेळी, सांगा बघू! हिच्या पाठची अजून एक आहे. तिला कोण करून घेणार?”

कृष्णोजीराव म्हणाले, “खरं आहे तुमचं. कारखान्याचा नियम इथं चालतो की नाही, मलाही ठाऊक नाही. पण हिनं दांडा ओढलाय. मी शेजारी उभं राहायला आलोय.”

आणि ते उभे राहिले. अप्पा शेवटी नाइलाजानं तयार झाले, तेव्हा साखरपुड्याची साडी-अंगठी परत करायला त्यांच्याबरोबर कृष्णोजीरावच गेले आणि तिकडचं नाही नाही ते बोलणंही त्यांनीच ऐकून घेतलं. दर रविवारी ते आमच्या दुकानाच्या बाकावर पेपर वाचत बसायचे. अप्पा त्यांच्याशी चकार शब्द बोलायचे नाहीत. गल्लीतलं कुणी खोचकपणे काही विचारलं, की उत्तर बाकावरून यायचं, “सुम्मने, उगाच कशाला अंदाज बांधता? या, कॉफी घ्या.” धाकट्या बहिणीला स्थळं येईनात, तेव्हा हे गृहस्थ स्वतः दारोदार गेले. शेवटी टी. नरसीपूरला, संगमाजवळच्या कार्यालयात तिचं लग्न लागलं. अक्षता पडल्यावर ते अप्पांजवळ गेले आणि म्हणाले, “आयतु, झालं. पट्टा सुरू झाला. आता मी रविवारी घरी जेवतो.” अप्पांनी त्यांचा हात धरला तो जेवणं उरकेपर्यंत सोडला नाही.

पुढं माझंही लग्न झालं, माझ्या मनाजोगं. ज्यांना मी नकार दिला, त्यांचा संसार उत्तम चाललाय असं ऐकते. म्हणजे दोष होता की नव्हता, हे मला आजही सांगता येणार नाही. एका ठिकाणचा नियम दुसऱ्या ठिकाणी चालतो का, या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. कृष्णोजीरावांच्या नियमाचा पहिला भाग भजनात पार आपटला आणि लग्नात तो बरोबर ठरला की नाही, देव जाणे. दुसरा भाग मात्र कुठंही कमी पडलेला मी पाहिला नाही. हे त्यांना सांगितलं तर ते मान हलवून “नोडोण, बघूया” एवढंच म्हणतील. माझं आजचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या भागावर उभं आहे आणि त्यांचे आभार मानायला मला शब्द पुरत नाहीत.

कृष्णोजीरावांच्या पंचाहत्तरीचा हा समारंभ ठरला, तेव्हा त्यांनी हात वर केला. “थांबवा. कारण नंतर सांगतो.” आम्ही सगळेच त्यांच्या हाताखाली तयार झालेले; थांबणं भाग होतं. मी हिरमुसून घरी आले आणि अप्पांना सांगितलं. अप्पा आता नव्वदीला टेकलेत, मशीनवर बसत नाहीत, तरी कृष्णोजीरावांसाठी समारंभाचा कोट त्यांनी स्वतः बेतला होता. ते तो कोट घेऊन रिक्षात बसले, जयलक्ष्मीपुरमला गेले आणि कृष्णोजीरावांच्या शेजारी सोफ्यावर बसून राहिले. संध्याकाळी कृष्णोजीरावांनी कोट अंगात घातला.

खांद्यात तो थोडा घट्ट झाला. अप्पा म्हणाले, “असू दे. शिवणीत कापड भरपूर सोडलंय. शंभरीला या, मी सैल करून देतो.”

कृष्णोजीराव, आपण शंभरीपर्यंत जायचं आहे. प्रकृती सांभाळून, ताठ चालत. अप्पा दुकानात वाट बघत बसणार आहेत.