कंपनीच्या मॅनिफोल्डवर माळाचं पाणी

भिकाजीआप्पांची आणि माझी पहिली गाठ पडली ती दौंडला, स्टेशनजवळच्या माझ्या लेथच्या दुकानात. गोष्ट सत्तरच्या दशकातली. रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर असलेले, माझ्याच वयाचे एक सडपातळ गृहस्थ ड्यूटी संपवून आले आणि पोत्यात गुंडाळलेलं एक धूड त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं. धरणाच्या कामावरच्या कुठल्याशा मशीनचा तो टर्बो होता, पुण्याच्या जुन्या बाजारात भंगारात मिळालेला. "मिस्त्री, ह्यानं माळावर पाणी चढवायचंय," ते म्हणाले. मला हसू आलं. आप्पांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात ते हसू मी जाहीरपणे मागे घेतो.

आप्पांचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. गावानं मिळून नदीवर पंप बसवला होता आणि त्याला जुन्या ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन जोडलं होतं. खालच्या बागायतदारांच्या उसाला पाणी भरपूर मिळे. माळावरच्या हौदाचा व्हॉल्व्ह उघडला की मात्र इंजिनाला धाप लागे आणि पाणी निम्म्या चढावरच थबके. माळावरच्या जमिनी बौद्ध वस्तीतल्या अकरा घरांच्या. त्यातली एक आप्पांच्या आईंची. पाइपलाइनचा चर खणायला या घरांनीही घाम गाळला होता, आणि दोन हंगाम त्यांच्या हौदात पाचोळ्याखेरीज काही पडलं नव्हतं. मोठं इंजिन घ्यायची कुणाची ऐपत नव्हती. टर्बो इंजिनाच्या वाया जाणाऱ्या धुरावर फिरतो आणि सिलिंडरात जादा हवा कोंबतो, त्यानं त्याच इंजिनाला जास्त जोर येतो, हे आप्पा रेल्वेच्या ट्रेनिंगमध्ये शिकले होते.

पंपाचा कारभार पाहणाऱ्या बागायतदारांना सगळं गाव आबा म्हणे. त्यांनी परवानगी दिली, पण सरळ दिली नाही. "एक दिस देतो. सांजच्याला इंजिन व्हतं तसं पायजे. माझा ऊस वाळला तर तुला एकट्याला न्हाई, समद्या वस्तीला इचारीन." आप्पांना त्याचा अर्थ नेमका कळला. इंजिन बिघडलं असतं तर भिकाजीचं नाव कुणी घेतलं नसतं. वस्तीनं इंजिन मोडलं, असंच वर्षानुवर्षं बोललं गेलं असतं.

इकडे मी पेटलो होतो. टर्बो बसवायचा म्हणजे धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड नवाच हवा, असं ठरवून मी सहा नळ्या वाकवल्या, जोडल्या, घासून चकचकीत केल्या. आप्पांनी त्यावरून हात फिरवला. "लई देखणा हाय, मिस्त्री. पर ह्यो बसवायला इंजिनाचं जुनं स्टड-बोल्ट कापावं लागत्यात. सांजच्याला परत कसं जोडायचं?"

मी चार दिवस तोंड फुगवून बसलो. आप्पांनी तेवढ्यात एका रात्री पंप बंद असताना इंजिनावरचा कंपनीचा बिडाचा मॅनिफोल्ड काढला आणि उलटा धरून पाहिला. तसा बसवला की त्याचं तोंड वर येत होतं आणि टर्बो त्यावर नेमका बसत होता. ना कापाकापी, ना वेल्डिंग. इतकं साधं होतं ते, की मला त्यांचा रागच आला. टर्बोचं तेल परत इंजिनात सोडायला बाजूच्या झाकणाला भोक हवं होतं, तर त्यांनी मूळ झाकणाला ड्रिल लागू दिलं नाही. माझ्याकडून दुसरं झाकण करून घेतलं. जे काढू ते परत बसवता आलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

ठरल्या दिवशी गाव जमलं. इंजिन सुरू झालं आणि निळ्या धुराचा लोट उठला. टर्बोचं तेल अडवणारं सील गेलं होतं. माळावर अकरा घरं कोरड्या हौदाशी उभी, खाली कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि मी दौंडची एसटी किती वाजता आहे ते विचारू लागलो. आप्पांनी इंजिन थंड होऊ दिलं, एकेक नट सोडवला, मॅनिफोल्ड सुलटा केला, मूळ झाकण लावलं. चार वाजता उसाला पाणी सुरू झालं. आबांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, बोट फिरवलं. बोट ठेवायला जागा सापडेना. मग हळूच म्हणाले, "भिकाजी, पुन्यांदा कवा येतुयास?"

पंधरा दिवसांनी नवं सील घालून आम्ही पुन्हा गेलो. मी माळावर हौदाशी थांबलो होतो. खालून टर्बोची बारीक शीळ ऐकू आली. पाइपानं आधी हवा ओकली, मग गाळ, आणि मग पाणी. आप्पांच्या आईंनी त्यात हात घातला. "गार हाय की," एवढंच त्या म्हणाल्या. आप्पांनी ते पाहिलं नाही. इंजिन सोडून ते हलणार कसे? मी धापा टाकत खाली जाऊन सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी तेलाचा काटा पाहिला आणि मग डोळे पुसले. मीही पुसले, लपवत नाही.

पुढं लेथवर माझ्या हाताला लागलं, तेव्हा ड्यूटी करून आलेले आप्पा तीन आठवडे रोज संध्याकाळी माझं दुकान चालवत होते. गिऱ्हाइकांना सांगायचे, मालक आत चहा पिताहेत. इतका चहा पिणारा मालक दौंडात दुसरा झाला नसेल.

नंतर गावात वीज आली आणि पंपाला विजेची मोटर बसली. आप्पांनी टर्बो उतरवला, मॅनिफोल्ड सुलटा बसवला आणि गावानं ते इंजिन विकलं. आज ते कुठं आहे ठाऊक नाही. सापडलं तरी त्यावर आप्पांच्या कामाची एकही खूण दिसणार नाही, इतकं चोख त्यांनी ते परत केलं. म्हणून मी हे लिहून ठेवतो आहे. माळावर आज कांदा काढणाऱ्या त्यांच्या नातवंडांना हे ठाऊक असावं. त्यांनी विचारलं तर आप्पा अजून एवढंच सांगतात, "समद्यांनी मिळून केलं."

आप्पा, तुमचे गुडघे, डोळे आणि भूक शंभरीपर्यंत अशीच शाबूत राहोत. आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की माळावर पाणी कुणी चढवलं, तर एकदा तरी 'मी' म्हणा.