क्लचमधली लोकर

काल घोंगडी धुवायला भिजवली आणि ओल्या लोकरीच्या वासानं मी नाक दाबून मागं सरलो. शी! इतकी वर्षं मला वाटायचं, ही किळस त्या गाळाचीच आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आणे या आमच्या गावाहून ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीला तळेघरला नेला होता. क्लचच्या खाली एक भोक असतं. खाचरात उतरण्याआधी त्यात बोल्ट लावायचा, नाहीतर घाण पाणी आत शिरतं. आमच्या कोरड्या पठारावर त्याचं काय काम? मीच तो काढून घरी देवळीत टाकला होता आणि साफ विसरलो होतो. मग माझ्या थोरल्या भावानं, दादानं, भोकात मेंढराची लोकर कोंबून वेळ मारून नेली.

आठवड्यात क्लच गेला. मी खाली वाकून बघत होतो. मेकॅनिकनं लोकर ओढली आणि काळा, कुजका गाळ भसकन माझ्या तोंडावर आला. ओठांत गेला. मेलेल्या मेंढरासारखी घाण! मी थुंकतच राहिलो.

मेकॅनिक वैतागला. "बोल्ट कुनी काढला, राव?"

"दादानं," मी म्हणालो.

दादाला सगळं ठाऊक होतं. त्यानं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला.

"आदी त्वांड धू," म्हणाला.