कुंकू लावलेला सव्वीस इंची बाण

ते प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. फाइल मात्र पहिल्याच दिवशी बंद होणार होती, कारण माणसानं गुन्हा कबूल केला होता.

साल २००६. अमेरिकेतल्या रेडमंडच्या पूर्वेला, दसरा होऊन आठवडा झाला होता. मी राज्याच्या वन्यजीव पोलिसांत होतो. बंदूक, बिल्ला, अटकेचे अधिकार, सगळं इतर पोलिसांसारखंच. फरक इतकाच की आमचे बहुतेक फिर्यादी मुके असत.

सकाळी शाळेच्या बसथांब्यामागच्या झुडपात मुलांना मेलेली हरिणी दिसली. बाण पोटात शिरला होता. पोटात बाण लागलेलं जनावर लगेच मरत नाही, तासन्‌तास चालत राहतं. शहराच्या त्या पट्ट्यात शिकारीला बंदी होतीच. पण मला जास्त संताप आला तो मागावर कुणाच्या पावलाची एकही खूण नव्हती म्हणून. बाण सोडणारा तिच्यामागे गेलाच नव्हता. कायदा बाजूला ठेवा, शिकाऱ्यांमध्येही याहून मोठं पाप नाही.

पंचनाम्यात मी लिहिलं: कार्बनचं काळं कांडं, लांबी सव्वीस इंच, शेपटीकडच्या पात्यांजवळ लाल-पिवळा डाग. माझा सार्जंट म्हणाला, "पेंट."

मी भिंग लावून पाहिलं. पिवळ्यावर लाल, बोटाच्या पेराएवढा. साताऱ्याहून आम्ही आलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो, पण माझे बाबा इथल्या गॅरेजमध्येसुद्धा खंडेनवमीला पान्यांना आणि हातोडीला असाच डाग लावत. "पेंट नाही," मी म्हणालो. "हळदकुंकू. हा बाण गेल्या आठवड्यात पूजेला ठेवलेला होता."

"म्हणजे तुझ्या लोकांपैकी कुणीतरी."

ते वाक्य मला झोंबलं. तरी मी ते टिपणवहीत लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह टाकून.

दुपारी खबर आली. फोनवर एक बाई म्हणाली, पायवाटेवर एक उंच 'ब्राउन' माणूस धनुष्याची लांब बॅग घेऊन फिरतो. कधी पाहिला, तर "नेहमीच". अशी खबर टाकून द्यायची नसते आणि तिच्यावर विसंबायचंही नसतं. मी गावातल्या तिरंदाजीच्या दुकानात गेलो. मालकानं ऑर्डरची वही उघडली. सव्वीस इंचांवर कापलेले कार्बन बाण त्या मोसमात एकानंच नेले होते, सहा नग. घेणारा नागपूरचा सॉफ्टवेअर इंजिनियर, वय तीस.

संध्याकाळी त्याच्या अपार्टमेंटचं दार त्याच्या बायकोनं उघडलं. तो नुकताच बसमधून उतरून आला होता, जॅकेट ओलं. सहा फूट दोन इंच उंची. दारात वाकून उभा राहिला. मी बाणाचा फोटो दाखवला. त्यानं तो दोन सेकंद पाहिला.

"माझाच आहे. मीच मारला. कुठे साइन करू?"

"अहो!" बायको ओरडली. "काय बोलून राहिले तुम्ही?"

मी पुष्कळ माणसांच्या दारात उभा राहिलो आहे. खरा गुन्हेगार आधी विचारतो, तुम्हाला काय माहीत आहे? हा माणूस उत्तर तयार ठेवून बसला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला धनुष्यासकट कार्यालयात बोलावलं. हक्क वाचून दाखवले, टेप सुरू केला. कुठून सोडला? "झाडांमधून." किती वाजता? "संध्याकाळी... असेल." मागावर का गेला नाहीत? या प्रश्नावर त्याचा चेहरा खरोखर दुखावला. सार्जंटनं माझ्याकडे पाहून खांदे उडवले: कबुली आहे, दुकानाची नोंद आहे, आणखी काय हवं?

"तुमचा ग्रीन कार्डचा अर्ज कुठवर आलाय?" मी मराठीत विचारलं.

"सहावं वर्ष आहे, सर."

"गुन्हा शाबीत झाला तर त्याचं काय होईल ते वकिलाला विचारलंत?"

"यार सर, तुम्ही फाइल क्लोज करा ना."

त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. दाराच्या काचेतून मला तिची घट्ट धरलेली पर्स दिसत होती. त्या दोघांचं इथलं सगळं आयुष्य एका सहीवर टांगलेलं होतं, आणि ती सही करायला हा उतावीळ झाला होता.

मी फाइल मिटली. "बरं, ते राहू द्या. मला तिरंदाजीतलं फार कळत नाही. कार्बनचा बाण निवडतात कसा?"

तो पहिल्यांदा सरळ बसला.

"लोक काय करतात, सर, सगळ्यांत महाग डबा उचलतात. चूक! आधी स्पाइन बघायचा, म्हणजे कांड्याचा ताठपणा. आकडा लहान तेवढं कांडं ताठ. माझं धनुष्य पासष्ट पौंडाचं, मला तीनशे चाळीस लागतो. कमी ताकदीच्या धनुष्याला पाचशे. उलटं केलं तर बाण वळवळत जातो. मग टोकाचं वजन. आणि प्रत्येक वेळी सोडायच्या आधी बाण वाकवून कानाशी धरायचा. बारीक कर्रर्र ऐकू आलं की फेकून द्यायचा, नाहीतर फुटून हातात घुसतो. मी ह्याची एक्सेल शीट केलीय, सर."

"आणि लांबी?"

"ती हातावरून. ज्याचा जेवढा हात, तेवढी त्याची ओढ. माझा बाण साडेएकोणतीस—"

तो थांबला.

मी पुराव्याच्या पिशवीतला बाण काढला आणि त्याच्या बाणाशेजारी टेबलावर ठेवला. साडेतीन इंचांचा फरक आंधळ्यालाही कळला असता.

"तुमच्या धनुष्यावर हा पूर्ण ओढला तर टोक कुठे येईल?"

त्यानं आपला डावा पंजा पुढे धरून पाहिला.

"हातात," तो म्हणाला. "बाण टेकतो त्या रेस्टवरून घसरून माझ्याच हातात." मग हलक्या आवाजात, "मी एवढा येडा नाही, सर."

सार्जंटला मी इंग्रजीत समजावलं. त्यानं मोजपट्टी काढून स्वतः दोन्ही बाण मोजले आणि कबुलीचा कागद माझ्याकडे सरकवला. नागपूरकर मात्र खरं नाव सांगेना. बाण कुणासाठी घेतले? त्यानं मान फिरवली. मी बाहेर बाकाशी गेलो.

"ताई, खंडेनवमीला पूजेत कुणाकुणाचे बाण होते?"

तिनं डोळे पुसले. "ह्यांचे, अन् काकांचे. शेजारचे. त्यांनीच ह्यांना शिकवलं ना! काकांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, जुने जड बाण जमेनात, म्हणून ह्यांनी टेप घेऊन तीनदा त्यांचा हात मोजला अन् पूजेत ठेवून दसऱ्याला सहा बाण दिले. तुम्ही मराठी आहात ना, दादा? समजवा ना ह्यांना! म्हणतात, काकांचं शिकारीचं लायसन्स गेलं तर ते मरून जातील."

शेजारचे काका म्हणजे सत्तरी उलटलेला गोरा माणूस, निवृत्त सुतार, जेमतेम सव्वापाच फूट. तासाभरात मी त्याच्या दारात होतो. त्यानं मला कॉफी विचारली, हरिणीचं ऐकून हळहळलाही. मी म्हणालो, "तुमच्या शिष्यानं काल गुन्हा कबूल केला."

त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. "कुणी?"

"त्यानं. सही करायला पेन मागत होता."

तो उठला, आत गेला आणि बाण घेऊन आला. पाच. पाचांवर कुंकू.

"सगळे म्हणत होते, माझी शिकार संपली," तो खिडकीकडे बघत म्हणाला. "ती कुंपणाशी आली. मला फक्त बघायचं होतं, अजून जमतं का. ती हलली. रस्त्यापलीकडे लोक होते, म्हणून मागे गेलो नाही. ऑफिसर, पन्नास वर्षांत असं कधी केलं नव्हतं."

"ते माझ्याबरोबर येऊन लिहून द्या."

"तो मूर्ख आहे."

"नाही. मूर्ख असता तर बाण बरोबर निवडले नसते."

म्हाताऱ्याचा परवाना गेला, धनुष्य जप्त झालं, दंड बसला. मला वाईट वाटलं का? वाटलं. त्याहून वाईट त्या हरिणीचं वाटलं, जिनं कुणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं.

गुडघ्यानं दगा दिल्यामुळे मी बेचाळिसाव्या वर्षी वर्दी उतरवली. अलीकडे तरुण अधिकारी मला विचारतात, तपासात अवघड काय? मी सांगतो, हातात आलेली कबुली टेबलावर परत ठेवणं. कबुली मिळाली की ठाण्यात सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि नेमकं तेव्हाच मोजायला बसावं लागतं. माणूस भीतीनं कबूल करतो, थकून करतो, प्रेमानंही करतो. निरपराधाला शिक्षा झाली तर ती त्यानं स्वतः मागितली होती, ही सबब मी मान्य करत नाही. आणि आपल्या माणसांना एक सांगायचं आहे: ज्यानं विद्या दिली त्याचा गुन्हा पाठीवर घेणं ही निष्ठा नव्हे. त्यानं खरा अपराधी सुखरूप राहतो आणि घरी बसलेली बायको उघड्यावर पडते.

त्या दुपारी म्हातारा जबाब द्यायला आला तेव्हा नागपूरकर अजून आमच्या व्हरांड्यात होता. जबाबाच्या खोलीत दुसरा साहेब बसला होता, त्यामुळे थांबावं लागणार होतं. दोघं एकमेकांकडे बघेनात. म्हातारा भिंतीला टेकला, दुखरा खांदा धरून.

नागपूरकर उठला आणि त्यानं आपली खुर्ची त्याच्यापुढे ठेवली.

म्हातारा बसला. गुरूला एवढंच द्यायचं असतं.