शेवंताचं नाक

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाय. पोराला नाय, भावाला नाय. ज्या बाईजवळ बोलायला पाहिजे होतं तिला तर सांगायची गरजच नव्हती – तिच्यासमोरच घडलं सगळं. आता ती नाय. चौथा महिना चालू आहे. घर रिकामं झालं म्हणून तोंड उघडलं, असं समजू नका. घर भरलेलं होतं तेव्हाही मी गप्पच होतो.

मी चौथी शिकलेला माणूस. सगळा जन्म चर खांदण्यात गेला – नळाच्या लाईनीचे चर. ठेकेदार बदलत गेले, टिकाव तोच. या शहरात कुठल्या रस्त्याखालून कोणता पाइप जातो, कुठं तो गटाराला घासून जातो, कुठल्या जॉइंटात शिसं ओतलंय अन् कुठं नुसता ताग कोंबलाय – मला झोपेतून उठवून विचारा. आमच्या गल्लीतली लाईन तर माझ्याच वयाची. निजामावर पोलीस ॲक्शन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी जन्मलो, अन् म्हातारे सांगायचे, त्याच साली गल्लीत हा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाइप पुरला. तो आतून सडला, मीही सडलो. पण ते पुढं येईल.

हे कशाला सांगतोय? तर पाण्याचं काही असलं की गल्लीनं मला विचारावं, असं मला वाटायचं. वाटणारच ना? अन् गल्ली विचारायची कुणाला – माझ्या बायकोला.

पाणी तेव्हा तिसऱ्या दिवशी यायचं. आधी नळ हवेनं फुसफुसायचा, मग तांबडं पाणी. ते बादलीत धरून धुण्या-सारवायला ठेवायचं. तांबडं सरलं की शेवंता ओंजळ पुढं करायची. आमचं घर गल्लीच्या तोंडाला, पहिला नळ आमचा. ती ओंजळीला नाक लावायची, घोटभर तोंडात घेऊन खुळखुळायची, थुंकायची. तोवर अकरा घरच्या बाया आपापल्या नळापाशी हंडे घेऊन उभ्या. "शेवंता, भरू का गं?" "शेवंता, भरूं क्या?" ती म्हणायची, "भरा." बास, एवढंच. नायतर म्हणायची, "थांबा, वास मारतंय" – मग घरात थेंब नसला तरी कुणी हंडा नळाखाली सरकवत नव्हतं. अन् तिचं कधी चुकलेलं मी बघितलं नाय.

नाकच तसं होतं. मी कामावरून आलो की सदरा हातात घेऊन सांगायची, आज काळ्या मातीत होता, आज मुरमात, आज गटाराशेजारी. मला लई गंमत वाटायची त्याची. सुरुवातीला.

बायकोचा हेवा करतं का कुणी? शेजाऱ्याच्या घराचा करतात, भावाच्या जमिनीचा करतात. मी माझ्या बायकोच्या नाकाचा केला. बाया तिच्या तोंडाकडं बघत उभ्या राहायच्या ना, तेव्हा मी आतल्या खोलीत बिडी ओढत बसायचो अन् आतून जळायचो. पाइप मी पुरलेत, हाताला घट्टे माझ्या, अन् मान हिला?

एकदा ती आठ दिवस माहेरी गेली, पाचोडला. पाणी आलं. मी बाहेर आलो, ओंजळ धरली, वास घेतला, ऐटीत म्हणलं, "भरा." एक बाई हलली नाय. समोरची हमीदा – आमच्याच वयाची, शेवंताची जिवाची मैत्रीण – ती मोठ्यानं हसली. "भाऊ, तुमचं नाक बिडीनं जळालंय. शेवंताकू आने दो!" सगळ्या हसल्या. मीही हसलो. दुसरं काय करणार? पण ते हसणं कानात घुसलं ते निघालं नाय. गल्लीनं त्या दिवशीचं पाणी उकळून प्यायलं. माझ्या शब्दाची किंमत तेवढी.

मग एका उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी, गटाराखाली, जॉइंट पाझरायला लागला. सगळे म्हणाले पालिकेत अर्ज देऊ. मी म्हणलं, अर्ज कशाला, मी आहे ना. गटारात उतरलो, सायकलची जुनी ट्यूब कापून जॉइंटाला आवळून गुंडाळली, वरून तार पिळली. पाझर थांबला. गल्लीनं चहा पाजला. हमीदानं स्वतः कप आणून हातात दिला – "भाऊ, तुम्ही होते म्हणून." चार-आठ दिवस मी छाती काढून फिरलो.

आता ऐका. असली पट्टी टिकत नसती, हे मला ठाऊक होतं. जुन्या लाईनीचं काय असतं – पाणी चालू असतं तेव्हा पाइप बाहेर थुंकतो, अन् पाणी गेलं की आत ओढतो. भोवती जे असंल ते ओढतो. भोवती गटार होतं. हे गल्लीत दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मी अर्ज द्या म्हणलो नाय.

तिसऱ्या आठवड्यात पाणी आलं. तांबडं सरलं. शेवंतानं ओंजळ नाकाला लावली अन् आत माझ्याकडं आली. मी दाराच्या आतच होतो. मला लाज वाटू नये म्हणून हळूच बोलली – "ओ, गटार लागलंय. तुमची पट्टी सुटली."

बाहेरून आवाज आले, "शेवंता, भरू का?"

अन् मी ओरडलो, "भरा!"

कुणी हललं नाय. मागच्यासारखंच. हमीदा म्हणाली, "शेवंता क्या बोलती?" तेव्हा माझ्या तोंडून गेलं – "तीच म्हणतीय भरा. सर्दी झालीय तिला, आवाज बसलाय."

मग सगळ्यांनी हंडे लावले. लगेच.

कळलं का तुम्हाला? माझ्या शब्दावर गल्लीनं तांब्या भरला नसता. म्हणून मी तिचा शब्द चोरला. ज्या नाकावर जळत होतो त्याच नाकाच्या नावानं गटाराचं पाणी अकरा घरात भरवलं – कशासाठी? तर माझी पट्टी सुटली असं कुणी म्हणू नये. एवढ्यासाठी.

शेवंता दाराकडं निघाली. मी तिचा दंड धरला. म्हणलं, बाहेर जाऊन बोललीस तर परत आत येऊ नको. ती उंबऱ्याच्या आतच थांबली. मग मी आमचाही हंडा भरून आत आणला, तर तो उचलून तिनं मोरीत ओतला. सगळा. माझ्याकडं न बघता. तिनं का नाय सांगितलं, असं तुमच्या मनात आलं असंल तर ते तिच्यावर टाकू नका. दंड मी धरला होता.

मी बाहेर जाऊन हमीदाच्या नळाचं तांब्याभर पाणी सगळ्यांसमोर प्यालो. मला काही झालं नाय. पोरवयापासून चरातलं पाणी पिलेलो, मला काय होणार? दोन-तीन दिवसांनी, गल्ली कामाला गेलेली असताना, मी गटारात उतरून दुसरी पट्टी बांधली. कुणी विचारलं नाय.

महिना-सव्वा महिन्यानं गल्लीत कावीळ आली. पाच घरात. पोरंसोरं पिवळी पडली, उठली. हमीदाची सून उठली नाय. नसरीन. खुलताबादची पोर, सातवा महिना चालू होता. दवाखान्यात चौथ्या दिवशी गेली – पोटातल्या जिवासकट.

मग गल्ली मागचं आठवायला लागली. कुठल्या पाण्यातून आलं असंल? कुणाला तरी आठवलं, शेवंताला सर्दी झाली होती तो दिवस. नाक बंद असताना बाईनं भरा म्हणलंच कशाला?

हमीदा आमच्या नळापाशी आली. ओरडली नाय, शिव्या दिल्या नाय. एवढंच म्हणाली, "सर्दी थी तो बोलना था ना, शेवंता. भरो कायकू बोली?"

मी दाराआड होतो. हातात बिडी होती. दोन पावलं बाहेर टाकायची होती, एक वाक्य बोलायचं होतं. किती मोठं वाक्य ते? तीन-चार शब्दांचं. मी बिडी ओढत राहिलो. अन् शेवंता म्हणाली, "चुकलं माझं, आपा."

त्या दिवसापासून तिला कुणी भरू का म्हणून विचारलं नाय. जिचं तिनं हुंगायचं, वाटलं तर भरायचं. मैत्रीण गेली, मान गेला. तिनं ओंजळ धरणं सोडलं. पाणी आलं की आत जाऊन बसायची.

खोटं कशाला बोलू – पहिले काही दिवस मला बरं वाटलं. नसरीनचं नाय, ते वाईटच वाटलं. पण नळापाशी आता तिच्या तोंडाकडं कुणी बघत नव्हतं, ते बरं वाटलं. असा माणूस होतो मी. हेव्याला आता काही उरलंच नव्हतं, तेव्हा कळलं की हेवा गेला तरी जागा भरत नसती. मी कामावरून यायचो. ती सदरा घ्यायची अन् सरळ बादलीत बुडवायची. कुठल्या मातीत खांदलं, हे तिनं पुन्हा कधी सांगितलं नाय. मी विचारायचो – आज कुठं होतो सांग बरं? ती म्हणायची, "मला नाय कळत."

वीस-पंचवीस वर्षं अशीच गेली. एका शब्दानं ती मला टाकून बोलली नाय. एकदाच. दोन वर्षांखाली गल्लीतली लाईन बदलली. कामगारांनी जुना पाइप वर काढला, तर जॉइंटाला माझी ट्यूब तशीच चिकटलेली. काळी, लिबलिबीत. तार गंजून तुटलेली, खाली बोट जाईल एवढं भोक. एका कामगारानं मला विचारलं, "बाबा, कुणी बांधलं असंल हो हे?" मी म्हणलं, काय माहीत बुवा. शेवंता उंबऱ्यात उभी होती. ती आत जाताना माझ्याजवळून गेली अन् हळूच बोलली, "बरीच टिकली की ओ तुमची पट्टी."

मी बिडी पेटवली.

ती गेली त्या सकाळी हमीदा आली. काठी टेकत, नातेवाइकांतून वाट काढत. पंचवीस वर्षांत आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदा. शेवंताच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला. "तेरेकू माफ किया मैं, शेवंता. सर्दी थी तेरेकू. तू क्या करती." जमलेल्या बायांनी डोळ्याला पदर लावले. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या.

अन् मी हमीदाला हात जोडले.

शेवंताच्या वतीनं माफी घेतली मी. तिनं न केलेल्या चुकीची. तिच्या मढ्यासमोर उभं राहून. तिथंही ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाय. ते इथं सांगतो – शेवंताला सर्दी नव्हती. आवाज बसला नव्हता. तिनं भरा म्हणलं नव्हतं.

आता पाणी आठव्या दिवशी येतं. पाइप नवा आहे, तरी नळ आधी फुसफुसतोच. हमीदा समोर खुर्ची टाकून बसलेली असते. उठवत नाय तिला. शेवंता गेल्यापासून, तिच्या घरचं माणूस उरलं म्हणून, ती मला विचारते, "भाऊ, भरूं क्या?" नव्या सुना पण आता माझ्याच तोंडाकडं बघत उभ्या राहतात. मी ओंजळ पुढं करतो. नाकाला लावतो. मला कसलाच वास येत नाय.

मी म्हणतो, भरा.